बिल इव्हान्स ‘न शिकता’ वाजवत नव्हता

यवतमाळकडच्या आमच्या गावात भजन सुटल्यावर मी मोबाइलवर जॅझ लावलं, की पेटीवाले काका हमखास म्हणतात, “याले शिका लागते काय? मनात येईन तसे बोटं फिरवाचे, झालं!” जॅझबद्दलचा हा समज फार जुना आहे, आणि शहरातही ऐकू येतो.

आता अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच घ्या. १९२९ साली न्यू जर्सीत जन्म, लहानपणापासून शास्त्रीय पियानोची तालीम, १९५० मध्ये लुइझियानातल्या कॉलेजातून संगीताची पदवी. देब्युसी, रॅव्हेल हे फ्रेंच संगीतकार त्याच्या स्वरमेळांत (एकत्र वाजणाऱ्या सुरांत) स्पष्ट ऐकू येतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमवर (१९५९) पियानो त्याचाच, फक्त एका रचनेत विंटन केली हा दुसरा पियानोवादक आहे, हेही बरेच जण विसरतात.

जॅझमध्ये उत्स्फूर्त वाजवायचं, पण ठरलेल्या स्वरमेळांच्या आवर्तनात. काका पेटीवर भैरवी फिरवतात तेव्हा समेवर येतातच ना?

खरी गंमत त्याच्या त्रिकुटात. स्कॉट लाफारोचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) नुसता ठेका धरत नाही, पियानोला उलट उत्तर देतो. पॉल मोशियनचे ड्रम्स मध्येच कुजबुजतात. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये या तिघांचं वादन ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. इव्हान्सने कित्येक महिने जवळजवळ वाजवलंच नाही.

काकांना ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. “हा बासवाला तं आपल्या खंजिरीवाल्यासारखा आगाऊ आहे,” म्हणाले, आणि पुन्हा लावायला सांगितलं.