न ओसरलेलं पाणी

अंदमानात, पोर्ट ब्लेअरजवळ (आताचं श्री विजयपुरम), सिप्पीघाटच्या रस्त्यावर चालकदादांनी गाडी कडेला घेतली आणि काच खाली करून हात केला. "इथे भातशेती होती, पलीकडे नारळ-सुपारीची वाडी," ते म्हणाले. समोर नजर जाईल तिथवर पाणी होतं. पाण्यात वाळलेली खोडं उभी, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. २००२ साली आई-बाबांबरोबर मी याच रस्त्याने गेले होते. तेव्हाची हिरवी शेतं मला अंधुक आठवतात, पण आठवतात.

नाशिकच्या माणसाला अंदमान परकं नसतं. सावरकर बंधूंचं भगूर नाशिकपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सेल्युलर जेलमधल्या त्या कोठडीसमोर एकदा तरी उभं राहायचं हे अनेक घरांत ठरलेलं असतं. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. परतताना मात्र माझ्या मनात कोठडीइतकाच समुद्र भरून राहिला. दोन वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी, दूरदर्शनवर त्सुनामीच्या बातम्यांत पोर्ट ब्लेअर बंदराचा तुटलेला धक्का पाहिला आणि पोटात खड्डा पडला. पुन्हा तिकडे जायला पुढे वीस वर्षं लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लेकीला घेऊन गेले.

तिने सिप्पीघाटला विचारलेला प्रश्न अगदी नाशिकच्या मुलीचा होता. "आई, वीस वर्षांत पाणी ओसरलं कसं नाही?"

तिच्या लेखी पूर म्हणजे गोदावरी. पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, अशा मापाने आपण पूर मोजतो. मग दोन दिवसांत पाणी उतरतं, गोदाकाठचे दुकानदार गाळ उपसायला लागतात आणि मारुती पुन्हा पायापर्यंत दिसतो. त्सुनामीचं पाणीही असंच आलं आणि परतलं. पण सिप्पीघाटला जे उरलं ते त्सुनामीचं पाणी नाहीच. तिथे समुद्र वर आला नाही, जमीन खाली गेली. पोर्ट ब्लेअरचा परिसर त्या सकाळी सुमारे एक मीटर खचला आणि भरतीची रेषा शेतात येऊन बसली.

हे कसं झालं ते समजून घ्यायला नाशिकपासूनच सुरुवात करता येते. पांडवलेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली, तो खडक जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो ज्या भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यावर, बसला आहे तोच भारतीय भूपट्ट पूर्वेला बंगालच्या उपसागराच्या तळाखालून सरकत जातो आणि अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला, खोल सागरी चरापाशी, बर्माच्या छोट्या भूपट्टाखाली शिरतो. म्हणजे नाशिकहून पोर्ट ब्लेअरला जाताना आपण एका भूपट्टावरून उठून दुसऱ्यावर उतरतो.

ही सरक वर्षाला काही सेंटीमीटरची, नखं वाढतात त्या बेताची. ती सुरळीत झाली असती तर प्रश्नच नव्हता. पण दोन्ही भूपट्ट शेकडो वर्षं एकमेकांत अडकून राहतात. खालचा सरकताना वरच्याची कड आपल्यासोबत खाली ओढत नेतो आणि कडेमागचा भाग हळूहळू फुगतो. जाड पुठ्ठ्याची कड बोटाने दाबून धरली तर मागे पोक येतो, तसंच. बोट सुटलं की कड ताडकन वर येते आणि पोक बसतो. २००४ मध्ये ते बोट सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास सुटलं. सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ फाट सुरू झाली आणि उत्तरेकडे धावत आठ-दहा मिनिटांत जवळजवळ १,३०० किलोमीटर उसवत गेली. नाशिकहून दिल्ली गाठायला साधारण एवढंच अंतर कापावं लागतं. भूकंपाची तीव्रता ९.१ किंवा त्याहूनही अधिक होती. समुद्रतळ उचलला गेला, त्यावरचं पाणी उचललं गेलं आणि त्सुनामी निघाली. चार किलोमीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास असतो.

त्या सकाळी नाशिकची जमीनही हलली होती. या भूकंपाच्या भूपृष्ठलहरींनी पृथ्वीवरची कुठलीही जागा किमान एक सेंटीमीटर वरखाली केली. हालचाल इतकी संथ होती की साखरझोपेतल्या कुणाला ती कळली नाही.

आता पुठ्ठ्याकडे परत येऊ. कड वर, पोक खाली, म्हणजे चराच्या जवळचा किनारा उचलला जाणार आणि दूरचा खचणार. अगदी तसंच घडलं. दक्षिणेत पोर्ट ब्लेअर खचलं, तर उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा एक मीटरहून अधिक वर आला. एकाच बेटसाखळीत काही गावांत समुद्र घरात शिरला आणि काही गावांत तो लांब गेला. "अंदमान सावरलं का हो?" असं परतल्यावर मला पुष्कळांनी विचारलं. त्यांना मी आधी हेच सांगते, की बेटं कलली होती. प्रत्येक किनाऱ्याचं दुखणं वेगळं, आणि म्हणून बरं होणंही वेगळं.

वर आलेल्या किनाऱ्यावर प्रवाळ उघडे पडले आणि उन्हात मेले. पण मरताना ते मोजमाप ठेवून गेले, आणि या साऱ्यात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. पोराइटीस जातीचे काही प्रवाळ उथळ पाण्यात कसे वाढतात ते द्राक्षबागायतदाराला चटकन कळेल. मांडवावर वेलीचं खोड तारेपर्यंत सरळ चढतं, मग वर जायची सोय नसते म्हणून ओलांडे आडवे पसरतात. प्रवाळाची तार म्हणजे सर्वात खालची ओहोटी. तिच्यावर डोकं काढलं तर तो भाग उन्हाने मरतो, म्हणून प्रवाळ तिथवर वाढून पुढे आडवा पसरत जातो आणि परातीसारखा सपाट होतो. जमीन खचली तर जणू तारच वर गेली, मग काठ पुन्हा वर वाढू लागतो आणि परातीला उंच कड येते. जमीन वर आली तर माथा मरतो आणि बुडाशी जिवंत पट्टा उरतो. मेलेला माथा आणि जिवंत पट्टा यांतलं अंतर मोजलं की जमीन किती उचलली गेली ते कळतं, तेही सेंटीमीटरच्या हिशेबात. झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलयं असल्याने शास्त्रज्ञ सुमात्राजवळच्या बेटांवर अशा प्रवाळांचे काप काढून शेकडो वर्षांपूर्वीचे भूकंपही वाचतात.

कांदळवनांची गोष्ट याहून चटका लावणारी. खचलेल्या किनाऱ्यावर ती पाण्याखाली राहिल्याने मेली आणि उचललेल्या किनाऱ्यावर पाण्याबाहेर राहिल्याने. त्यांची श्वसनमुळं चिखलातून वर येऊन ओहोटीच्या वेळी हवा घेतात. पाणी हटलंच नाही तर ती गुदमरतात, आलंच नाही तर झाड खारावून सुकतं. दिवसाची भरती-ओहोटी हाच त्यांचा श्वास. पण जी नवी भरतीरेषा सिप्पीघाटच्या शेतात आली, तिच्यासोबत कांदळाच्या शेंगाही आल्या. रस्त्याकडेला अडकलेली एक मी हातात घेतली. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, हिरवी, टोकाला तपकिरी. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि ही शेंग म्हणजे रुजलेलं रोपच असतं. गळून पडल्यावर ती आधी आडवी तरंगते, मग मुळाकडचं टोक जड होत जातं आणि ती पाण्यात उभी राहते. उथळ जागा आली की टोक चिखलात टेकतं. बांधाच्या आत अशी हातभर उंचीची रोपं जागोजागी दिसत होती. एका रोपाला चारच पानं होती, आणि मुळं मात्र बाजूला कमानी टाकू लागली होती.

चालकदादांचं घर त्यांच्या वडिलांच्या याच शेतावर चालायचं. रोपं दाखवताना माझा उत्साह त्यांनी पाहिला आणि ते एवढंच म्हणाले, की भात परत आला नाही. ते ऐकल्यापासून मी "निसर्ग सावरतो" हे वाक्य जपून वापरते. कांदळ येणं आणि शेतकऱ्याचं सावरणं या दोन गोष्टी एक नाहीत.

निकोबारला मी गेले नाही. तिथला घाव फार मोठा होता. अंदमान-निकोबारमध्ये सरकारी नोंदीनुसार साडेतीन हजारांहून अधिक माणसं मृत वा बेपत्ता झाली, त्यांतली बहुतेक निकोबारची. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे सव्वाचार मीटर खचलं आणि तिथलं दीपगृह आज समुद्रात उभं आहे. ते या बेटांचा दुतोंड्या मारुतीच, फक्त त्याचं पाणी उतरत नाही. तिथूनच जवळ गॅलाथियाची पुळण वाहून गेली होती. पुढच्या काही वर्षांत लाटांनी नवी वाळू आणून टाकली आणि महाकाय चामडीपाठी कासवं तिथे पुन्हा अंडी घालायला आली.

हे पुन्हा होईल का? थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर मातीच्या थरांत जुन्या त्सुनामींच्या वाळूच्या पट्ट्या सापडल्या आहेत आणि २००४ च्या आधीची मोठी पट्टी साधारण साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीची आहे. एवढ्या अंतराच्या आठवणी माणसं सहसा जपत नाहीत. लिटल अंदमानच्या ओंगी लोकांनी मात्र जपली होती. समुद्र मागे हटताच ते उंचावर गेले आणि वाचले. उरलेल्यांसाठी २००७ पासून हैदराबादला त्सुनामी पूर्वसूचना केंद्र आहे. समुद्रतळावरची दाबमापकं पाण्याची उंची सेंटीमीटरपर्यंत टिपून त्याला कळवत राहतात.

दुपारी परतताना आम्ही त्याच रस्त्याने आलो. मगरींपासून सावध राहण्याची पाटी होती, म्हणून लेक रस्त्यावरूनच वाकून पाहत होती. खोडांवर हातभर ओली रेघ दिसत होती, पाणी तिच्या खाली गेलं होतं आणि बांधाचा माथा उघडा पडला होता.

"आई, ओसरतंय बघ!"

मी घड्याळ पाहिलं. ओहोटी होती. संध्याकाळी पाणी पुन्हा बांधावर चढणार होतं.