टाळेबंदी (साथरोग)

साथ पसरू नये म्हणून लोकांच्या जाण्यायेण्यावर आणि व्यवहारांवर सरकारने घातलेली सरसकट बंदी. ठाणे-बेलापूरच्या कारखानदारी पट्ट्यात हा शब्द आधीपासून रुळलेला, पण वेगळ्या अर्थाने: मालकाने कारखान्याला ठोकलेले कुलूप. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी तो कोविडच्या साथीला लावला. लोक मात्र लॉकडाउनच म्हणत राहिले.

आजाऱ्याला वेगळे ठेवण्याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो धडधाकट माणसालाही घरी बसवावे का, याचा. मुंबईतल्या प्लेगमुळे आलेला १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा सरकारच्या हाताशी होते. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. समर्थक म्हणतात, तयारीला वेळ मिळाला. ठाण्यात बाळकुमचे कोविड रुग्णालय आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या खाटा त्या काळातल्याच. विरोधक पोटाकडे बोट दाखवतात. मजूर बोचकी घेऊन नाशिक महामार्गाने पायी निघाले; भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली ती मेच्या सुरुवातीला, सव्वा महिन्याने.

ऑक्टोबर २०२० मध्ये काही शास्त्रज्ञांच्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्याने सुचवले, की वृद्ध-आजारी जपावेत, बाकीच्यांना मोकळे सोडावे. त्याच महिन्यात दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या जॉन स्नो निवेदनाने उत्तर दिले, की समाजाची अशी वाटणी जमणारी नाही. नवी मुंबईच्या तुर्भे स्टोअर किंवा ठाण्याच्या लोकमान्यनगर वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही बाजू अडखळतात. आजी आणि कामावर जाणारा नातू एकाच फरशीवर झोपतात, तेव्हा आजीला जपायचे कुठे? आणि ‘घरातच राहा’ म्हणावे, तर संडास गल्लीच्या टोकाला, सामाईक.

वाशीची बाजार समितीही अशीच अडचणीची. मुंबईची भाजी तिथून येते, म्हणून सगळे बंद असताना ती चालू. तिथेच रुग्ण वाढले आणि ११ ते १७ मे पाचही बाजार बंद ठेवावे लागले.

जूनमध्ये सैल झालेली बंदी ठाण्यात २ जुलैला पुन्हा आली आणि १९ जुलैपर्यंत लांबली. पहिल्या खेपेचे घाबरून ऐकणे आता उरले नव्हते. दुकानदार भाडे आणि पगारांचा हिशेब मांडू लागले.

अभ्यासक सरकारी आदेशांच्या तारखा मोजतात, सोसायट्यांच्या मात्र कुणी मोजत नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना सरकारची मुभा मिळाल्यावरही कित्येक संकुलांच्या फाटकावर कपाळाला ताप मोजायची बंदूक लावून, वहीत नाव लिहून परत पाठवले जाई. आतल्या गॅलरीत त्याच वेळी कुरियरची खोकी उन्हाला ठेवलेली असत.