गुण जायफळाचा की वयाचा?

सात वर्षांचं पोर अजून अंथरूण ओलं करतं म्हटलं की कोकणातल्या घरात औषधांना तोटा नसतो. कोणी काळे तीळ नि गूळ सुचवतं, कोणी ओवा, कोणी जांभळाच्या बियांची पूड. परसात जायफळ असेल तर सहाणेवर चार वेढे उगाळून दुधातून देणं ठरलेलंच. काही महिन्यांनी गादी कोरडी राहू लागते आणि औषधाचं नाव वाडीभर होतं.

पण पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण 15 मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यातली सुमारे 15 टक्के काहीही न करता बरी होतात. मूत्राशय भरल्याची वर्दी मिळूनही काहींचा मेंदू जागा होत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पुरेसं वाढत नाही. दोन्ही गोष्टी बहुधा वयाबरोबर जागेवर येतात. आईबापांना लहानपणी हाच त्रास असेल तर मुलातही तो येण्याची शक्यता वाढते, पण ते घरात कोणी कबूल करत नाही! शिवाय औषध सुरू झालं की रात्रीचं पाणी कमी होतं, आणि मागीलदारी काळोखात जायला घाबरणाऱ्या पोराला निजण्याआधी सोबत मिळते. मग गुण नेमका कशाचा?

हे कळायला चिठ्ठ्या टाकून मुलांचे गट पाडावे लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी काहीतरी. वनौषधी, ॲक्युपंक्चर, संमोहन वगैरेंच्या अशा चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या 2011च्या आढाव्यात तपासल्या गेल्या. बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या निघाल्या, ठाम पुरावा मिळाला नाही.

तीळगूळ खुशाल द्या. जायफळाला मात्र हात आखडता हवा. त्यातलं मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य जास्त पोटात गेलं तर गुंगी, धडधड, भ्रम होतो, आणि सहाणेवरच्या वेढ्यांना माप नसतं.

जांभळाच्या पुडीची मला वेगळी भीती वाटते. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण भिजवू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वाळू लागलं, तर तो मधुमेह असू शकतो. तिथे पुडीत आठवडा घालवणं जिवावर बेतू शकतं; त्याच दिवशी साखर तपासा.

एरवी आधी पोट साफ होतंय का पाहा, कारण तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. ओल लागताच वाजणारा अलार्म बऱ्याच मुलांना कोरडं करतो, पण काही आठवडे रोज रात्री आईबापांनाही उठावं लागतं. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची, आणि ती घेतल्यावर रात्री पाणी जेमतेम घोटभर.