आंदोलनाचं थेट प्रक्षेपण : फोन, टॉवर आणि बंद पडणारं नेट

मोर्चात कॅमेरा हिसकावला गेला की आतली टेप किंवा कार्डही जायचं, आणि त्या दिवसाचं चित्रीकरण तिथेच संपायचं. थेट प्रक्षेपणाने हे बदललं. फोन फुटला किंवा जप्त झाला, तरी तोवर बाहेर गेलेली दृश्यं दूरच्या सर्व्हरवर शाबूत राहतात. कुठल्याही वाहिनीचं पाठबळ नसलेल्या व्हिडिओग्राफरसाठी लाईव्हचं मोल आधी हे आहे, प्रेक्षकसंख्या नंतर. म्हणूनच गेल्या पंधरा वर्षांतली ओढाताण कॅमेऱ्याइतकीच नेटच्या जोडणीवरून झाली.

आधी थेट दाखवायचं तर डिश लावलेली ओबी व्हॅन लागायची. २००७ च्या आसपास क्विक, बॅमबूझर, यूस्ट्रीम या सेवा आल्या आणि नोकियाच्या स्मार्टफोनवरूनही लाईव्ह जाता येऊ लागलं. चित्र धूसर असायचं, पण जायचं. सत्ताधाऱ्यांनाही त्याची ताकद लवकरच उमगली. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये बॅमबूझर अडवलं गेलं आणि २८ तारखेपर्यंत देशातलं जवळजवळ सगळं नेट बंद झालं. ते परतलं २ फेब्रुवारीला. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीरियातल्या होम्स शहरातून जळत्या तेलवाहिनीची दृश्यं बॅमबूझरवर गेली आणि लगोलग त्या देशातही ही सेवा रोखली गेली.

न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये १७ सप्टेंबर २०११ ला आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय’ चळवळीचा ठिय्या सुरू झाला. १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी पार्क रिकामं करताना बातमीदारांना लांब रोखलं. त्या वेळी टिम पूल या स्वतंत्र व्हिडिओग्राफरने फोनवरून यूस्ट्रीमवर सुमारे २१ तास प्रक्षेपण चालवलं आणि वृत्तवाहिन्यांनी त्याची दृश्यं घेतली. पुढे याच चळवळीत त्याच्याशी वाद झाला. पोलिसांच्या गाडीच्या टायरची हवा सोडणारे आंदोलक त्याच्या कॅमेऱ्यात आले होते. लाईव्हमध्ये चेहरा झाकायला वेळच नसतो आणि पोलीसही तेच फीड बघत असतात. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. बैठकीची चर्चा, जखमींचे चेहरे, लहान मुलं यांच्यावरून कॅमेरा खाली किंवा बॅनरकडे वळवणं हा आमच्या मते शिष्टाचार नाही, कर्तव्य आहे.

२०१३ च्या ब्राझीलमधल्या निदर्शनांत ‘मीडिया निंजा’ या गटाने लाईव्ह हेच मुख्य साधन केलं. कधी सुपरमार्केटच्या ढकलगाडीत जनरेटर आणि संगणक ठेवून. रिओमध्ये पेट्रोलबॉम्ब फेकल्याच्या आरोपाखाली पकडलेल्या एका निदर्शकाचं निर्दोषत्व तिथे हजर असलेल्यांच्या चित्रीकरणांतून पुढे आलं. मार्च २०१५ मध्ये ट्विटरचं पेरिस्कोप ॲप आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी फेसबुक लाईव्ह आल्यावर वेगळ्या सेवेची गरजच उरली नाही.

भारतात खरा बदल घडवला तो स्वस्त डेटाने. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. हिशेब सोपा आहे : २ एमबीपीएस बिटरेटने (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट डेटा पाठवत) तासाला सुमारे ०.९ जीबी लागतात. मोजून-मापून विकत घेतलेल्या डेटावर तासभराचा मोर्चा दाखवणं परवडत नव्हतं. रोज १ जीबी मिळू लागल्यावर तालुक्याच्या गावातला माणूसही लाईव्ह जाऊ लागला.

पण गर्दीत डेटा शिल्लक असूनही लाईव्ह अडकतं. मोबाईल जाळ्यात वर पाठवायची क्षमता मुळातच खाली उतरवण्यापेक्षा कमी असते आणि टॉवरच्या टप्प्यातले सगळे फोन ती वाटून घेतात. पन्नास हजारांच्या सभेत रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, तरी फोटोही जात नाही. त्यात लाईव्ह पाठवण्याच्या आरटीएमपी या प्रचलित पद्धतीत वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे आधी विलंब वाढत जातो आणि मग जोडणी तुटते. बिटरेट आधीच उतरवा : ७२० पी दर्जाच्या चित्राला दीड ते दोन एमबीपीएस, जमेना तर ४८० पीला ७०० केबीपीएस. आवाज शाबूत ठेवा. लोक धूसर चित्र सोसतात, तुटक घोषणा नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा आणि गर्दीच्या मध्यातून कडेला या, शक्यतो दुसऱ्या टॉवरच्या दिशेला. अनेक सिम एकत्र जोडणाऱ्या लाईव्हयूसारख्या बॅगा वाहिन्यांकडे असतात. एकट्याला त्या परवडत नाहीत.

नेटच बंद असेल तर यातलं काहीही चालत नाही. नेट बंद करण्याबाबत केंद्राने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असं सांगितलं. तरी २६ जानेवारी २०२१ ला दुपारी १२ पासून मध्यरात्रीपर्यंत सिंघू, टिकरी, गाझीपूर या शेतकरी आंदोलनाच्या ठिकाणी नेट बंद होतं. २९ तारखेच्या रात्री ते पुन्हा बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांनीही हे अनुभवलं. अशा वेळी फोनमधली फाईल हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून लाईव्ह चालू असतानाच फोनमध्येही रेकॉर्डिंग करणारं लॅरिक्ससारखं ॲप वापरा.

दूरचा सर्व्हरही कायमचा नाही. पेरिस्कोप ३१ मार्च २०२१ ला बंद झालं. बॅमबूझर ऑनलाईन खरेदीच्या लाईव्हकडे वळलं. यूट्यूब १२ तासांपेक्षा लांब प्रक्षेपण आपोआप जपून ठेवत नाही, म्हणजे झुकोटीसारखी रात्र आली तर मध्ये थांबून नवं लाईव्ह सुरू करावं लागेल. मोर्चात लाउडस्पीकरवर चित्रपटगीत वाजलं तर कॉपीराइटपायी प्रक्षेपण मध्येच खंडित होऊ शकतं. २०२१ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये एका पोलिसाने लाईव्ह चालू असताना फोनवर गाणं लावलं, तेव्हा याच युक्तीचा संशय घेतला गेला.

चित्रीकरण झालं त्याच रात्री मूळ फाईल दोन ठिकाणी उतरवा आणि तिचा हॅश (फाईलमधून गणिताने काढलेला, ठशासारखा आकडा) काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिचा हॅश बदलतो, त्यामुळे हे काम कुणालाही क्लिप पाठवण्याआधी करायचं.