डूअर्टचा सरदार आणि स्काउटची फुल पँट

ब्रिटनमधल्या स्काउट पोरांच्या अंगावरची हाफ पँट 1967 साली गेली. रुंद काठाच्या टोपीच्या जागी बेरे ही मऊ, चपटी टोपी आली, संस्थेच्या नावातला 'बॉय' गळला आणि ती नुसती स्काउट असोसिएशन झाली. या बदलांमागे कुणी बंडखोर तरुण असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते घडवून आणणारा माणूस स्कॉटलंडमधल्या एका जुन्या घराण्याचा वंशपरंपरागत प्रमुख होता. त्याचं नाव चार्ल्स मॅक्लेन, पण ओळखीपाळखीचे लोक 'चिप्स' म्हणत.

मॅक्लेन कुळाची गादी म्हणजे मल बेटावरचा डूअर्ट किल्ला. कर्जबाजारीपणा आणि कँपबेल घराण्याशी चाललेलं भांडण यांत 1691 साली तो हातचा गेला. पुढे सरकारी शिबंदीही उठली, छप्पर कोसळलं आणि नुसत्या भिंती उरल्या. क्रिमियन युद्ध पाहिलेले सर फिट्झरॉय मॅक्लेन यांनी 1911 मध्ये ते अवशेष विकत घेऊन किल्ला पुन्हा उभा केला. हे आजोबा शंभरी ओलांडून 1936 साली गेले. आजोबांची बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी आणि कुळाचं प्रमुखपद थेट नातवाकडे आलं. 1916 साली जन्मलेला चार्ल्स तेव्हा वीस वर्षांचा होता. कुळाचा 27 वा प्रमुख.

त्यानंतर स्कॉट्स गार्ड्स ही लष्करी पलटण, दुसरं महायुद्ध आणि 1954 मध्ये आर्गाइलचं लॉर्ड लेफ्टनंटपद, म्हणजे जिल्ह्यात राणीचा प्रतिनिधी. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या स्काउटांची जबाबदारी आली. 1959 मध्ये लॉर्ड रोवॉलन टास्मानियाचे गव्हर्नर म्हणून गेले आणि चीफ स्काउटची, म्हणजे ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या स्काउट चळवळीच्या प्रमुखाची, जागा मॅक्लेन यांना मिळाली. योगायोग असा, की रोवॉलन यांची जहागीरही स्कॉटलंडमधलीच, एअरशरची.

साठच्या दशकात ब्रिटनमधली मुलं झपाट्याने बदलत होती, आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शेकोटीभोवती गाणी म्हणायला टिकेना. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं होतं; त्या वेळच्या पोशाखात रस्त्यावरून जायलाही या मुलांना लाज वाटू लागली होती. मॅक्लेन यांनी 1964 मध्ये 'अ‍ॅडव्हान्स पार्टी' हा गट नेमला. आघाडीला जाऊन वाट पाहून येणारी तुकडी, असं हे अस्सल फौजी नाव. 1966 च्या अहवालात चारशेहून अधिक शिफारशी होत्या. लहान मुलांच्या विभागातल्या वुल्फ कबचे कब स्काउट झाले. सीनियर स्काउट आणि रोव्हर हे मोठ्या मुलांचे आणि तरुणांचे विभाग मोडून व्हेंचर स्काउट आले. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये रोव्हर अजून आहेत. जिथून ते आले तिथे मात्र त्यांचं नाव पुसलं गेलं.

जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. काहींनी 1970 मध्ये वेगळी चूल मांडली आणि बेडन-पॉवेल यांच्याच नावाची स्वतंत्र संघटना काढली. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती: रोव्हर विभागात प्रौढ तरुणांचा जो जुना स्नेह होता, तो व्हेंचरमध्ये सापडला नाही. पण ज्याच्या कुळाचा पोशाखच किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा, त्याने पोरांचे गुडघे झाकले म्हणून परंपराद्रोही ठरावं, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. परंपरा हा ज्याला जन्मजात मिळालेला वारसा असतो, त्याला तिची भीती कमी वाटत असावी.

1971 मध्ये मॅक्लेन राजवाड्यात लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजघराण्याच्या कारभाराचे प्रमुख अधिकारी झाले. नाटकांना कात्री लावण्याचा या पदाचा जुना अधिकार 1968 च्या कायद्याने संपला होता, त्यामुळे त्या कटकटीतून सुटले. राजकन्या अ‍ॅन (1973) आणि युवराज चार्ल्स (1981) यांची लग्नं त्यांच्या देखरेखीखाली पार पडली. राष्ट्रकुलाचं चीफ स्काउटपद मात्र त्यांनी 1975 पर्यंत सोडलं नव्हतं. 1984 मध्ये ते राजवाड्यातून निवृत्त झाले आणि 1990 मध्ये वारले. कुळाचं प्रमुखपद मुलाकडे, लॅकलन यांच्याकडे गेलं. डूअर्ट किल्ला आता पर्यटकांसाठी खुला असून मॅक्लेन यांच्या स्काउट कारकिर्दीवरचं प्रदर्शनही तिथे मांडलेलं आहे.