मायक्रोफोनने पुसलेलं अंतर

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात क्षयाने खंगलेली व्हायोलेटा आपल्या सरलेल्या दिवसांचा निरोप घेते. त्या गाण्याच्या अखेरीस तिला सेकंदाला सुमारे ८८० कंपनांचा स्वर लावायचा असतो. इतक्या उंचीवर मोठ्याने गाणं त्या मानाने सोपं, पण स्वरलिपीत तिथे सूचना आहे ती 'आवाजाच्या एका धाग्या'ची. हा धागा शेवटच्या रांगेपर्यंत न तुटता पोचतो का, यावर नाट्यगृहात गायिकेची पारख होते. चित्रमुद्रणात मात्र तो कुणीही लावला तरी स्वच्छ ऐकू येतो. घरी बसून ऑपेरा पाहणारा नेमका इथेच फसतो.

ऑपेराचा गायक परंपरेने मायक्रोफोनशिवाय गातो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा वाजत असतो आणि त्यापलीकडे दोन-तीन हजार माणसं बसलेली असतात. एका गळ्याचा आवाज या सगळ्यातून पार होतो कसा, याचा उलगडा स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबेरी यांनी १९७०च्या दशकात केला. वाद्यवृंदाचा सर्वाधिक जोर ५०० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या जवळ, असतो आणि त्याच्या वर तो झपाट्याने उतरत जातो. तयारीचा गायक स्वरयंत्र खाली ठेवतो, त्यामुळे घसा रुंद होतो. स्वरतंतूंच्या लगेच वरची छोटी नळी मात्र त्या मानाने अरुंद राहते. घशाच्या छेदाच्या क्षेत्रफळाशी तिच्या तोंडाचं प्रमाण साधारण एक षष्ठांश झालं, की ती स्वतंत्रपणे निनादू लागते आणि ३००० हर्ट्‌झच्या आसपास आवाजात एक लखलखीत शिखर उभं राहतं. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो. शिवाय आपल्या कानाची नळीही याच पट्ट्यात आवाज वाढवून घेते. ज्याला आपण आवाजाची फेक म्हणतो, तिचा मोठा हिस्सा या शिखरात आहे.

मायक्रोफोनला या फेकीशी देणंघेणं नसतं. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की पातळी ६ डेसिबलने वाढते. मायक्रोफोन गायकापासून हात-दोन हातांवर असला, की तीस मीटरवरच्या प्रेक्षकाला जो भेद जाणवला असता तो संपतोच. उरलेला फरक ध्वनिमुद्रक पट्ट्या वर-खाली करून मिटवतो. म्हणून मुद्रण ऐकून 'आवाज भरदार आहे' किंवा 'आवाज लहान आहे' असं म्हणणं मला चुकीचं वाटतं, कारण तो पुरावाच आपल्या हाती नसतो. उलट दिशेनेही अन्याय होतो. लांबवर पोचण्यासाठी घडवलेला आवाज जवळून पकडला की टोचरा लागू शकतो. स्वीडिश ऑपेरा-गायिका बिर्गिट निल्सन यांना नाट्यगृहात ऐकलेले लोक सांगत, की त्यांचा आवाज तबकडीत पुरता मावलाच नाही.

मग पारखायचं काय? कंप पारखावा. पाश्चात्त्य पद्धतीच्या निरोगी आवाजात लांब स्वर सेकंदाला साधारण साडेपाच ते साडेसहा वेळा वर-खाली हेलकावतो, आणि हा हेलकावा कानाला एकसंध स्वर म्हणून ऐकू येतो. स्वरयंत्र थकलं किंवा त्याच्यावर अति जोर दिला, की वेग पाचाखाली येतो, हेलकावा रुंदावतो आणि स्वर डगमगतो. हे मोजता येतं. मुद्रणातला लांब स्वर निम्म्या वेगाने वाजवा आणि चार सेकंदांत (म्हणजे गाण्यातल्या दोन सेकंदांत) किती हेलकावे येतात ते बोटांवर मोजा. बारा आले तर ठीक. आठ आले आणि प्रत्येक हेलकावा वेगळा ऐकू आला, तर गळा दमलेला आहे. हा दोष मायक्रोफोन झाकू शकत नाही, म्हणून माझा भरवसा यावर सर्वांत जास्त. दोन स्वरांमधला सांधा आणि सुरेलपणा हेही मुद्रणात टिकतात. श्वासाबद्दल मात्र जपून बोलावं. अनेक मुद्रणं दोन-तीन प्रयोगांतून जोडून तयार होतात, त्यामुळे न संपणारा दमसास कधीकधी कात्रीचाही असतो.

अभिनयाचा प्रश्न याहून अवघड आहे. नायिका हळुवार प्रेमाचे शब्द गाते आहे आणि जवळून टिपलेल्या चित्रात तिचा जबडा जांभई दिल्यासारखा उघडा आहे, हे पाहून पुष्कळांचा रसभंग होतो. यात तिचा काही दोष नाही. आपण 'इ' म्हणतो तेव्हा तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या कंपनसंख्येला ती पोकळी आवाज वाढवते ती जागा, ३०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. गायिका १००० हर्ट्‌झचा स्वर लावते तेव्हा त्या आवाजात ३०० हर्ट्‌झचा अंशच नसतो. त्यामुळे तो अनुनाद वाया जातो आणि स्वर पातळ पडतो. म्हणून ती जबडा उघडून अनुनादच वर उचलते आणि स्वराशी जुळवते. सिडनीच्या संशोधकांनी २००४ साली गायिकांच्या तोंडातला अनुनाद प्रत्यक्ष मोजून हे दाखवलं. याची किंमत म्हणून उंच स्वरांवर 'इ', 'उ', 'आ' सगळे एकसारखे ऐकू येऊ लागतात. तिथे शब्द कळले नाहीत, तर उच्चाराचे गुण कापू नयेत.

रडण्याचंही तसंच. खरं रडू आलं की कंठ दाटून येतो, आणि दाटलेल्या कंठातून असा स्वर निघत नाही. नाटकातला नट अश्रूंना वाट देऊ शकतो. ऑपेराच्या गायकाला शोक डोळे, हात आणि चाल यांतून दाखवून घसा मात्र मोकळा ठेवावा लागतो. ही कसरत आहे, आणि ती ओळखून दाद द्यायला हवी.

आपले डोळेही कानांवर कुरघोडी करतात. संशोधक च्या-जुंग त्साय यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संगीतस्पर्धेचे विजेते नुसता आवाज ऐकून लोकांना ओळखता आले नाहीत, पण आवाज बंद करून चित्र पाहिल्यावर अधिक अचूक ओळखता आले. व्यावसायिक संगीतकारांचीही गत तीच झाली. 'त्राव्हियाता'चा इतिहास याच्याशी जुळतो. १८५३ साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाच्या पहिल्या अंकात गायिकेला टाळ्या मिळाल्या. पुढे मात्र अशी धडधाकट बाई क्षयाने मरते, हे प्रेक्षकांना पटेना. प्रयोग पडला. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने पत्रात विचारलं, दोष माझा की गायकांचा? म्हणून मी एखादा प्रवेश आधी डोळे मिटून ऐकतो, मग आवाज बंद करून पाहतो आणि शेवटी दोन्ही एकत्र. तीनदा मत तेच राहिलं, तरच ते माझं समजतो.

समोर आहे ते मुद्रण कोणत्या जातीचं, हेही आधी पाहावं. ऑपेराच्या कित्येक चित्रपटांत गाणं आधी मुद्रित करून नंतर ओठ हलवले जातात. तिथे चेहरा निवांत सुंदर दिसतो, कारण गळ्यावर भारच नसतो. याउलट १९९२ साली पुच्चिनीचा 'तोस्का' हा ऑपेरा रोममधल्या कथेतल्याच जागी, कथेतल्याच वेळी थेट प्रक्षेपित झाला. वाद्यवृंद आणि त्याचे संचालक झुबिन मेहता शहरात दुसरीकडे होते, आणि गायक पडद्यावर त्यांचे हात पाहत गात होते. अशा वेळी नजर क्षणभर बाजूला गेली, तर तिला कच्चा अभिनय म्हणायचं नाही.

आता पुन्हा व्हायोलेटाच्या त्या धाग्याकडे. तो येतो तेव्हा चेहऱ्यावरून नजर थोडी खाली आणा. पात्र मरणाच्या दारात आहे, खांदे पडलेले आहेत, मान कललेली आहे. पण बरगड्या पाहा. श्वास तोलून सोडण्यासाठी त्या अजून उघड्या, ताणलेल्या आहेत, आणि एका निरोगी, ताकदवान शरीराने आपलं बळ मरणाऱ्या बाईच्या अंगाखाली लपवलं आहे.