चेन सैल झाली की दोन कड्या काढा, नवीसारखी होते?

"सायकलची चेन ताणून लांब झाली, दोन कड्या काढल्या की काम झालं", हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्यासारखंच आहे, कारण कड्या काढल्या की चेन खरंच घट्ट दिसते.

पण चेनचं लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक घासतं, थोडं थोडं, आणि सगळ्या कड्यांचं मिळून चेन लांब होते. नव्या चेनमधे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी असतात, घासल्यावर हे अंतर वाढतं, आणि चाकाच्या दातांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं, म्हणून चेन दातांवर चढते, सटकते, आणि दातही खाते. दोन कड्या काढल्या तरी उरलेली प्रत्येक कडी तशीच घासलेली!

घरीच बघा. साधी फुटपट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मधोमध धरा, 24 कड्या मोजा. नव्या चेनमधे पिन बरोबर 12 इंचावर येते. दीड मिमी पुढे गेली तर चेन बदला, 3 मिमी पुढे असेल तर बहुतेक दातेरी चाकंही गेलेली असतात.

बिनगियरची सायकल असेल आणि माप ठीक असेल तर मागचं चाक जरा मागे ओढून नट आवळा, बास. कड्या काढायच्या त्या नवी चेन लांब पडली तर.